पोळेतील घरे आणि त्यांचे जतन

एखादी जुनी मशीद, मंदिर किंवा किल्ला यांचे जतन करावयाचे असल्यास शासन ती वास्तू संरक्षित म्हणून घोषित करते, तिच्याभोवती कुंपण घालते आणि पहारेकरी नेमते. परंतु ज्या वास्तूत आजही चूल पेटते, मुले अभ्यास करतात आणि वृद्ध माणसे जिने चढतात, त्या वास्तूचे जतन या पद्धतीने होऊ शकत नाही. अशी शेकडो घरे एकमेकांना खेटून उभी असली म्हणजे प्रश्न अधिकच बिकट होतो. अहमदाबादच्या जुन्या शहरापुढे हाच प्रश्न उभा आहे.

साबरमतीच्या पूर्व तीरावर अहमदशहाने १४११ मध्ये हे शहर वसविले. भद्रचा किल्ला, त्यापुढील तीन दरवाजा आणि १४२४ मध्ये पूर्ण झालेली जामा मशीद ही राजसत्तेने उभारलेली रचना होय. तिच्या सभोवार व्यापारी, विणकर, सोनार आणि इतर कारागीर यांनी आपापल्या वस्त्या वसविल्या. मोगलांनंतर १७५८ पासून १८१७ पर्यंत येथे पेशवे व गायकवाड यांची सामाईक सत्ता होती. गायकवाडांची हवेली त्या काळाची साक्ष देते. सत्ता बदलत गेल्या, विसाव्या शतकात कोटाचा बहुतेक भाग पाडला गेला आणि दरवाजे तेवढे उरले. पण वस्त्यांची मूळ रचना टिकून राहिली. या वस्त्यांनाच पोळ म्हणतात.

‘पोळ’ हा शब्द संस्कृत ‘प्रतोली’ म्हणजे वेस किंवा प्रवेशद्वार यावरून आला असे मानले जाते. पोळेस बहुधा एकच मुख्य दरवाजा असे व तो रात्री बंद होई. आत गल्लीला फुटलेल्या लहान लहान खडक्या, मधल्या चौकात पक्ष्यांना दाणे टाकण्यासाठी खांबावर उभारलेला चबुतरा आणि जवळच मंदिर किंवा जैन देरासर असे. एका पोळेत सामान्यतः एकाच जातीची किंवा व्यवसायाची कुटुंबे राहत. सामाईक मालमत्तेची व्यवस्था पोळेचे पंच पाहत, आणि घर बाहेरच्या माणसास विकताना त्यांची संमती घेण्याची चाल होती. सारांश, पोळ ही जशी बांधकामाची, तशीच परस्परांवरील जबाबदारीचीही रचना होती.

घरांची बांधणीही याच तत्त्वावर झालेली आहे. घराचा दर्शनी भाग अरुंद आणि खोली मोठी असते. बाजूच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक असतात. दारापुढे ओटा, आत उघडा चौक, त्याभोवती खोल्या आणि वर माड्या अशी मांडणी दिसते. चौकातून उजेड व वारा घरभर पोहोचतो. चौकाखाली टाके असते. छपरावरील पावसाचे पाणी नळीवाटे त्यात साठविले जाई आणि ते वर्षभर पिण्यास पुरे. घराचा सांगाडा लाकडी असून त्यात विटांचे बांधकाम भरलेले असते. लाकूड काही प्रमाणात लवते, म्हणून अशा घरांत भूकंपाचे हादरे सोसण्याची शक्ती असते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात नदीपलीकडील काही नव्या बहुमजली इमारती कोसळल्या. जुन्या शहरातील पुष्कळशा लाकडी घरांना तडे गेले, तरी ती उभी राहिली.

सामाईक भिंतींमुळे मात्र एक निराळी अडचण उद्भवते. एक घर पडले की शेजारच्या दोन घरांचा आधार जातो. म्हणून एका मालकाची उदासीनता ही केवळ त्याची खासगी बाब राहत नाही.

ही उदासीनता अकस्मात आलेली नाही. १८६१ मध्ये येथील पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि शहर कोटाबाहेर वाढू लागले. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या एलिस पुलाने पश्चिम तीर जवळ आणला. पुढे सुस्थितीतील कुटुंबे एकामागून एक तिकडे स्थलांतरित झाली. १९६९, १९८५ आणि २००२ च्या दंगलींनी या स्थलांतराला भीतीची जोड दिली. मागे राहिलेल्या घरांत वारसांची संख्या पिढीगणिक वाढत गेली. दहा भागीदारांच्या घराचे छप्पर कोणी शाकारावे याचा निर्णय होईना. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूंना संरक्षण दिले, परंतु मिळणाऱ्या भाड्यात डागडुजीचा खर्चही निघेना. अशा वेळी घाऊक व्यापारी गोदामासाठी जागा शोधत येई आणि त्याने देऊ केलेली रक्कम नाकारणे मालकाला कठीण जाई. राहण्यासाठी बांधलेल्या माडीवर मालाच्या गासड्या रचल्या गेल्या. नक्षीदार खांब आणि तोड्या जुन्या वस्तूंच्या बाजारात विकल्या गेल्या.

महानगरपालिकेने १९९६ मध्ये वारसा विभाग स्थापन केला. १९ नोव्हेंबर १९९७ रोजी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत वारसा पदयात्रा सुरू झाली. परवानगीवाचून जुने घर पाडता येणार नाही असा नियमही करण्यात आला. जुलै २०१७ मध्ये युनेस्कोच्या समितीने या शहराची जागतिक वारसा म्हणून नोंद केली. असा मान मिळविणारे हे भारतातील पहिले शहर होय. समितीच्या सल्लागार संस्थेने निर्णय लांबणीवर टाकण्याची शिफारस केली होती. समितीने नोंद मान्य केली, पण लाकडी घरांची तपशीलवार पाहणी व्हावी अशी सूचनाही केली. मशिदी आणि दरवाजे यांची काळजी घेणारी यंत्रणा होती. घरांचे भवितव्य मात्र अनिश्चित होते, हे यावरून स्पष्ट होते.

पर्यटनाने काही लाभ निश्चितच झाला. काही हवेल्यांत अतिथिगृहे निघाली. उत्तरायणाच्या दिवशी पतंग पाहण्यास येणाऱ्यांना गच्च्या भाड्याने दिल्या जातात. ज्या घराला मालक जुनाट समजत होता, ते पाहण्यास परदेशातून लोक येतात हे दिसल्यावर त्याची दृष्टी बदलते. परंतु पर्यटक मुख्य वाटेने जातो. आडबाजूच्या खडकीतील घराला त्याच्या येण्याने काही मिळत नाही. शिवाय पोळेतील सर्वच घरांची अतिथिगृहे झाली, तर पोळेचा दर्शनी भाग टिकेल आणि ओट्यावरचे शेजारपण नाहीसे होईल. गोदामाने जे होते तेच मग उपाहारगृहानेही होईल.

रहिवाशाच्या गरजा याहून साध्या असतात. त्याला घरात शौचालय हवे, वृद्धांना चढता येईल असा जिना हवा, सुरक्षित वीजजोडणी हवी, गल्लीत आगीचा बंब न शिरल्यास अन्य सोय हवी. कुशल सुतार मिळाला पाहिजे आणि त्याची मजुरी परवडली पाहिजे. जतनाच्या नियमाने मालकाचा घर पाडून उंच इमारत बांधण्याचा हक्क मर्यादित होतो. त्याची भरपाई म्हणून विकासहक्काच्या हस्तांतराची योजना आखण्यात आली आहे. न वापरलेल्या बांधकाम-क्षेत्राचे प्रमाणपत्र मालकाला मिळते व ते शहराच्या अन्य भागातील बांधकाम-व्यावसायिकाला विकता येते. योजनेमागील तत्त्व न्याय्य आहे. मात्र जेथे मालकीच वादग्रस्त असते, तेथे प्रमाणपत्र कोणाच्या नावे द्यावयाचे हा प्रश्न उरतो आणि भाडेकरूच्या पदरी थेट काहीच पडत नाही.

तात्पर्य, पोळेतील घर टिकविण्याचा खर्च सर्व शहराच्या लौकिकासाठी होतो, पण त्याचा भार आजवर मुख्यतः एका कुटुंबाने वाहिला आहे. पूर्वी हा भार पंच आणि शेजारी वाटून घेत. ती व्यवस्था आता जशीच्या तशी परत येणार नाही. तिची जागा कर्ज, अनुदान, कायदेशीर साहाय्य आणि प्रशिक्षित कारागीर यांनी घेतली, तरच पुढील पिढीला पोळेत राहणे शक्य होईल. नक्षीदार दर्शनी भिंतीमागे नांदते घर नसेल, तर जपण्यासारखे पुष्कळसे आधीच गेलेले असेल.