गांवची विहीर व शेजारची विंधणविहीर

१९९३ सालीं महाराष्ट्रांत पिण्याच्या पाण्याच्या रक्षणार्थ भूजलाचा कायदा झाला. सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आंत परवानगीवांचून कोणीं दुसरी विहीर घेऊं नये, हें त्यांतील मुख्य कलम होतें. त्याच्या जागीं आलेल्या २००९ च्या कायद्यानेंहि हें तत्त्व सोडलेलें नाहीं. पुष्कळ बागाईतदारांस ही अट जाचक वाटते. परंतु आपल्या भूमीची घडण पाहतां ती निष्कारण नाहीं. दख्खनच्या काळ्या पाषाणांत पाणी सर्वत्र खेळत नाहीं; वरचा मुरूम व खडकांतील भेगा एवढींच त्याचीं कोठारें. एकाच भेगेवर गांवची विहीर व उसाची विंधणविहीर बसली, म्हणजे जिचा तळ खोल तिजकडे पाणी ओढलें जातें. मग ऊसवाल्याच्याच घरचा हंडा टँकरच्या रांगेंत लागतो, हें कोणास सांगावें!

मांजरा धरण आटल्यामुळें २०१६ च्या एप्रिलांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारें ५ लाख लिटर पाणी होतें. दोष केवळ पावसाचा नव्हे. त्या अवर्षणप्रवण मुलखांत उसाचें क्षेत्र आपणच वाढविलें.

नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवीं शेतीसाठीं विंधणविहिरी घेत नाहींत, ऊसहि लावीत नाहींत. पावसाळा सरतांच पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढें मांडतात. माणसें व गुरें यांचा वांटा प्रथम काढून उरल्या पाण्यावर रब्बीचीं पिकें ठरवितात. आपल्या गांवींहि हा हिशेब दिवाळीपूर्वीं, उसाचें बेणें तुटण्याच्या आधीं, व्हावयास पाहिजे.