दीडशे रुपयांची तोफ

आमच्या सातिवलीत कारखान्यांचे गाळे वाढले, तशा भंगाराच्या गाड्याही वाढल्या. मागे घर आवरताना मरहूम अब्बांची पत्र्याची पेटी आम्ही अशाच एका गाडीवर घातली. आत उर्दूतले जुने कागद होते. घरात उर्दू नीट वाचता येते ते आम्हालाच. पण वाचायला वेळ काढला नाही.

पुढे सुटीत मुलांना घेऊन विजापूरला गेलो. मलिक-ए-मैदान तोफेपुढे उभे राहिलो आणि ती पेटी आठवली.

तोफ सुमारे १४ फूट लांब, वजन ५५ टनांच्या आसपास. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात सापडलेला हत्ती. मुलांना वाटले, ही आदिलशहानेच ओतवली असेल. पण तोफेवरची अक्षरे वेगळेच सांगतात. साल हिजरी ९५६, म्हणजे इ.स. १५४९. नाव निजामशहाचे आणि ओतणारा मुहम्मद रूमी. म्हणजे तोफ मूळची अहमदनगरची! तेथून ती परांड्याच्या किल्ल्यात गेली. १६३२ मध्ये आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाने ती विजापुरास आणली. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले, तेव्हा त्याचाही लेख तिच्यावर कोरला गेला. जुना लेख मात्र तसाच राहिला. मालक बदलले, कारागिराचे नाव पुसले गेले नाही.

खरा धोका आला तो नंतर. १८५४ साली साताऱ्याच्या इंग्रज कमिशनरने विजापुरातले पडीक सामान विकण्याचा हुकूम काढला. तोफही लिलावात निघाली. सर्वांत मोठी बोली आली १५० रुपयांची! मामलेदाराला ही रक्कम फार थोडी वाटली. लोकांना तोफेविषयी किती आदर आहे हेही त्याला ठाऊक होते. त्याने वर कळवले आणि विक्री रद्द झाली.

आमच्या पेटीला असा मामलेदार भेटला नाही. परत आल्यावर अम्मीजवळ बसलो. अब्बांविषयी तिला जे आठवले ते एका वहीत उतरवून घेतले. वही निम्मीही भरली नाही.

वर्गातल्या मुलांना आम्ही आता सांगतो, घरात उर्दूतला जुना कागद निघाला तर रद्दीत घालू नका, आधी आमच्याकडे आणा. वाचकांनाही हीच विनंती. स्वतःला वाचता येत नसेल तर मोहल्ल्यातल्या एखाद्या बुजुर्गाकडून वाचून घ्या. टाकायचे की ठेवायचे, ते त्यानंतर ठरवा.