नळदुर्गचा पूल आणि दहा जणांचं सेक्शन

सोलापूर सोडून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की सुमारे ४५ किलोमीटरवर नळदुर्ग येतं. पर्यटक इथे थांबतात ते पाणीमहालासाठी. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदी अडवून बांधाच्या पोटात हा महाल बांधला गेला. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे सुरू झाले की गाड्यांची रांग लागते. त्या गर्दीतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं, की १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे याच बोरी नदीवरचा एक पूल शाबूत राहतो की उडतो, यावर निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणण्याची सगळी मोहीम टांगलेली होती. त्या मोहिमेतली, म्हणजे ‘पोलीस अ‍ॅक्शन’मधली पश्चिम आघाडीवरची पहिली लढाई नळदुर्गला झाली.

हैदराबादच्या मुक्तिसंग्रामावर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. त्यात सत्याग्रह आहेत, निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचे अत्याचार आहेत, नेत्यांच्या आठवणी आहेत. सैन्य मात्र त्या लिखाणात एका वाक्यात येतं आणि पाच दिवसांत जिंकून जातं. ते कसं लढलं, कोणत्या शिकवणीवर लढलं, हे सहसा कुणी विचारत नाही. एनसीसीच्या पोरांना ‘फील्डक्राफ्ट’ आणि ‘बॅटलक्राफ्ट’ या नावाखाली जे प्राथमिक धडे दिले जातात, ते हातात घेऊन नळदुर्ग ज्यात येतं त्या धाराशिव जिल्ह्याची जमीन आणि तो दिवस पाहिला, तर बरंच काही उलगडतं.

पायदळाचा सर्वांत छोटा लढाऊ घटक म्हणजे सेक्शन. दहा जण. त्यांचा एक कमांडर, आणि दोन भाग: रायफल ग्रुप आणि एलएमजी (लाइट मशीनगन) ग्रुप. तीन सेक्शन मिळून प्लाटून, तीन प्लाटून मिळून रायफल कंपनी. १९४८ मध्ये सेक्शनच्या मध्यभागी ब्रेनगन असे, सुमारे दहा किलो वजनाची, वरून बाकदार मॅगझीन लावायची. बाकीच्यांच्या हातात .३०३ रायफली. या मांडणीमागचा विचार फार जुना नाही. पहिल्या महायुद्धात रांगेने चालत जाणारी माणसं मशीनगनपुढे हजारांनी पडली, तेव्हा ब्रिटिश सैन्याने १९१७ मध्ये प्लाटूनच्या प्रशिक्षणाची नवी पुस्तिका काढली. त्यातली शिकवण अशी, की छोट्या गटाकडे स्वतःचा मारा हवा आणि स्वतःची हालचालही. एकाने गोळीबार करून शत्रूला डोकं खाली घालायला लावायचं, तेवढ्यात दुसऱ्याने पुढे सरकायचं. प्रशिक्षण देणारे उस्ताद याला ‘फायर आणि मूव्ह’ म्हणतात. सैन्याच्या सिद्धान्तांवरचे जाड ग्रंथ पुष्कळ आहेत. १९९१ मध्ये भारतीय लष्कराने त्यासाठी वेगळं प्रशिक्षण कमांड उभं केलं आणि दोन वर्षांनी ते शिमल्याला नेलं. पण दहा जणांच्या पातळीवर सगळा सिद्धान्त या एका गोष्टीत येऊन बसतो.

ही गोष्ट किती नाजूक आहे ते रायगड जिल्ह्यातल्या पळसगावच्या यशवंत घाडगे यांच्या बाबतीत दिसलं. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले नाईक घाडगे सेक्शन कमांडर होते. जवळून आलेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांचं सगळं सेक्शन मरून किंवा जखमी होऊन पडलं. झाकणारा गोळीबार करायला मागे कुणी उरलं नव्हतं. ते एकटेच धावून गेले, ग्रेनेडने ती गन गप्प केली, टॉमीगनने एकाला मारलं, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने ठोकलं. मग आडून आलेल्या गोळ्यांनी ते गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. आपण ही कथा शौर्याची म्हणून सांगतो आणि ती आहेच. पण प्रशिक्षण देणारा माणूस तीच कथा ऐकून दुसरा प्रश्न विचारेल: पुन्हा कुणावर अशी एकट्याने धावायची पाळी येऊ नये म्हणून काय शिकवायचं?

सुरुवात होते पाहण्यापासून. वस्तू नजरेला का पडतात, हा एनसीसीच्या वर्गातला अगदी पहिल्या काही धड्यांपैकी एक. आकार, सावली, आकाशरेषेवर उठून दिसणारी बाह्याकृती, चमक, सारखं अंतर आणि हालचाल. धाराशिवच्या माळरानावर आकाशरेषेचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. टेकाडाच्या माथ्यावर उभा असलेला गुराखी दोन किलोमीटरवरून दिसतो, तोच दहा पावलं खाली उतरला की नाहीसा होतो. मग अंतराचा अंदाज. २०० मीटरवर माणसाचे सगळे अवयव स्पष्ट, ३०० वर चेहऱ्याच्या कडा पुसट, ४०० वर शरीराचा आकार राहतो पण चेहरा ओळखू येत नाही, ५०० वर खांद्यापासून खाली माणूस निमुळता, ६०० वर डोकं म्हणजे ठिपका. यात फसवणूकही आहे. मध्ये खोलगट, न दिसणारी जमीन असली तर पलीकडची वस्तू जवळ वाटते. नळदुर्गच्या तटावरून नदीपलीकडच्या रणमंडळ या जोडकिल्ल्याकडे पाहावं, म्हणजे हे वाक्य पाठ करावं लागत नाही.

आडोशाचेही दोन प्रकार शिकवतात, नजरी आड आणि फायरी आड. सप्टेंबरात तूर कमरेएवढी वाढलेली असते. तिच्यात बसलेला माणूस दिसत नाही, पण तूर गोळी अडवत नाही. दगडी बांध दोन्ही करतो. ओढ्याची खोल कड तर सेक्शनला झाकून पुढेही नेते. शेतकऱ्याच्या पोराला बांध, ओढा, पांद सगळं पायाखालचं असतं; त्याला फक्त तेच शिवार गोळीच्या बाजूने पाहायला शिकवायचं असतं. काही उस्ताद ते फार सुंदर शिकवतात, काही नुसतं पुस्तक वाचून दाखवतात.

आता तो दिवस. निजामाच्या राज्यावर मुख्य चढाई सोलापुराकडून होती. आराखडा लेफ्टनंट जनरल गोडार्ड यांनी आखलेला, दक्षिण कमांड लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजींकडे, प्रत्यक्ष चढाई मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनची. नकाशावर हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर. महिना सप्टेंबर. पावसात भिजलेल्या काळ्या मातीत बैलगाडी रुतते, तिथे ट्रकची आणि तोफगाड्यांची काय कथा? म्हणजे मोठ्या सैन्याची चाल त्या एका डांबरी रस्त्याला बांधलेली, आणि रस्ता पुलांना. अशा ठिकाणी रक्षण करणाऱ्याला फार सैन्य लागत नाही. पूल उडवायचा, पलीकडच्या उंचवट्यावर मशीनगन बसवायची आणि नदीचा पूर आपली बाजू लढवतो.

निजामाच्या सैन्याला हे कळत नव्हतं असं नाही. टी. टी. मूर नावाचा ब्रिटिश सैन्यातला माजी कमांडो त्यांनी नोकरीला ठेवला होता आणि या वाटेवरचे पूल उडवण्याचं काम त्याच्याकडे होतं. पहिल्याच दिवशी तो भारतीय सैन्याच्या हाती सापडला, स्फोटकांनी भरलेल्या जीपसकट. स्फोटकं पुलाखाली असायला हवी होती. ती जीपमध्ये होती. पूल उडवायचा तर सुरुंग आधी भरून ठेवायचे, तिथे पहारा ठेवायचा, उडवण्याचा हुकूम कोण देणार हे ठरवून ठेवायचं, हा अगदी प्राथमिक भाग आहे. हैदराबादच्या पराभवाची राजकीय कारणं कितीही सांगितली, तरी नळदुर्गला घडला तो हा साधा, सेक्शनच्या पातळीवरचा हलगर्जीपणा होता असं माझं मत आहे.

सातव्या ब्रिगेडने वेग आणि अचानकपणा यांच्या बळावर तो पूल शाबूत हस्तगत केला. समोर पहिली हैदराबाद इन्फंट्री होती. दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गची मोर्चेबंदी मोडली आणि रस्ता मोकळा झाला. सकाळी नऊपर्यंत चिलखती दल जळकोटला पोचलं. त्याच्यामागून लेफ्टनंट कर्नल राम सिंग यांची मोटारींवरची नववी डोगरा पुढे निघाली. दुपारी सव्वातीनला उमरगा. तिथे रझाकारांनी केलेला प्रतिकार लवकर मोडला. दुसरी तुकडी पहाटेच तुळजापूरला पोचली होती. तिथे हैदराबाद इन्फंट्रीचा एक भाग आणि सुमारे २०० रझाकार दोन तास लढले. तिथून पुढे लोहाऱ्याकडे जायचं होतं, पण नदीला पूर आला होता आणि तुकडी अडली. १७ तारखेला युद्धबंदी, १८ ला हैदराबादचे सेनापती जनरल अल इद्रूस यांची शरणागती.

या जिल्ह्यात हत्यारी शिक्षण सैन्याच्या आधीच आलं होतं. १९४७-४८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसने निजामी हद्दीच्या बाहेर, बार्शी-सोलापूरच्या बाजूने सरहद्दीवर कॅम्प उघडले. शाळा-कॉलेज सोडलेली पोरं तिथे जमली. त्यांतल्या कित्येकांची जडणघडण लोहाऱ्याजवळच्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेच्या परंपरेत झालेली. १९२१ मध्ये सुरू झालेल्या या शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवलं होतं. कॅम्पवरची पोरं रात्री हद्द ओलांडत, करोडगिरी (जकात) नाक्यावर किंवा रझाकारांच्या अड्ड्यावर हल्ला करत आणि उजाडायच्या आत परत येत. त्यांच्याकडे शस्त्रं थोडी, गोळ्या मोजक्या, सराव त्याहून कमी. जमेची बाजू एवढीच, की पायवाटा त्यांच्या आणि रात्रही त्यांचीच. गनिमी कावा म्हणून आपण भाषणांतून जे सांगतो ते बहुतेक वेळा नुसता आवेश असतो. या पोरांचा कावा म्हणजे कुठून निघायचं, कुठल्या ओढ्याने परतायचं, कुत्री कुठे भुंकतील, याचा चोख हिशेब होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाविषयी जे सांगितलं आहे, ते याच जातीचं: जवळ दुसरी उंच जागा असू नये, असेल तर तोडावी किंवा गडातच घ्यावी. भावनेचा एक शब्द नाही, सगळी जमीन.

प्रशिक्षणातला जो धडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याला फायर कंट्रोल म्हणतात. कॅडेट तो ‘ग्रिट’ या आद्याक्षरांनी पाठ करतात: ग्रुप, रेंज, इंडिकेशन, टाइप ऑफ फायर. कोणी मारायचं, किती अंतरावर, कुठे, कसं. हे सांगितल्याशिवाय गोळी सुटायची नाही आणि थांबवायला सांगितल्यावर एकही जास्त सुटायची नाही. याच्या उलट काय होतं, तेही याच जिल्ह्याने पाहिलं. रझाकारांनी गावंच्या गावं लुटली, माणसं मारली. आणि लढाई संपल्यावर सूड मुसलमान वस्त्यांवर उतरला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती १९४८ च्या अखेरीस फिरली. तिच्या अहवालात सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, आहे. बाकीचे गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांत मेलेल्यांचा आकडा समितीने किमान १८ हजार धरला. काही ठिकाणी जवानांनी वस्त्या वाचवल्या, काही ठिकाणी गणवेशातली माणसंच लुटीत सामील होती, असं दोन्ही त्यात आहे. हा अहवाल २०१३ पर्यंत सर्वसामान्यांना पाहायला मिळत नव्हता. मुक्तिदिनाच्या सोहळ्यांना तो अडचणीचा वाटतो, हे समजू शकतो. पण लष्करी शिस्तीचा पाठ शिकवायला याहून जवळचं उदाहरण नाही.

एनसीसीचं जन्मवर्षही त्या लढाईचंच. कुंझरू समितीच्या शिफारशीवरून १९४८ च्या एप्रिलमध्ये कायदा झाला आणि १५ जुलैला एनसीसी उभी राहिली, नळदुर्गच्या लढाईच्या दोन महिने आधी. आज जिल्ह्यातली पोरं सैन्याकडे बघतात ती मात्र भरतीच्या अकॅडमीतून. पहाटे ग्राऊंड, १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत, दहा बीम, नऊ फुटी खड्डा, मग लेखीची गाइडं आणि मेडिकलची धास्ती. हे सगळं लागतंच, त्यात हसण्यासारखं काही नाही; घरात एक पगार येणं म्हणजे काय, हे कोरडवाहू गावात सांगावं लागत नाही. फक्त त्या दोन-तीन वर्षांत पोरगा धावायला शिकतो, जमीन पाहायला नाही. ते पुढे बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरसारख्या ठिकाणी पहिल्यांदा होतं. सेक्शन कमांडर घडवणारी ज्युनियर लीडर्स विंगही बेळगावातच आहे.

तोवर थांबायची गरज नाही. एनसीसीच्या कंपनीला नळदुर्गला नेऊन पहिला सराव पुलावर देता येईल: तुम्ही निजामाचं सेक्शन आहात, एक ब्रेनगन आहे, सुरुंग आहेत, पहाटेचे तीन वाजलेत, गन कुठे बसवाल आणि पूल उडवायचा हुकूम कोण देईल? मग बाजू बदलायची. दुसरा तुळजापूरला, घाटाखालून वर येणाऱ्या सेक्शनचा, आकाशरेषेचा धडा लक्षात ठेवून. तिसरा लोहाऱ्याच्या वाटेवर, पावसाळ्यात, पुराचं पाणी समोर असताना. त्याचं उत्तर पुस्तिकेत नाही, आणि १३ सप्टेंबरला त्या तुकडीलाही ते सापडलं नव्हतं.