विश्लेषण : मेंदूच्या शिरांतला रक्तप्रवाह एमआरआयमध्ये कसा दिसतो? दोडामार्गसारख्या तालुक्याला त्याचे महत्त्व काय?

दोडामार्ग तालुक्यात डोके ठणकू लागले आणि सोबत ताप असला, की पहिली शंका माकडतापाची येते. २०१६ मध्ये केर गावात या आजाराचे रुग्ण आढळल्यापासून काजूच्या हंगामात ही धास्ती असतेच. पण ताप नाही, डोकेदुखी मात्र दिवसागणिक वाढते आहे, आडवे झाल्यावर अधिकच जाणवते, उलट्या होतात, नजर धूसर होते, अशी लक्षणे असतील तर कारण वेगळे असू शकते. क्वचित वेळा ते असते मेंदूच्या शिरेत अडकलेली रक्ताची गुठळी. ती शोधण्यासाठी एमआरआयचा एक खास प्रकार वापरला जातो.

शिरांची चर्चा इतकी कमी का?

पक्षाघात म्हटले की मेंदूकडे रक्त नेणारी धमनी तुंबली किंवा फुटली, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण तो शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के वापरतो. दर मिनिटाला साधारण ७०० मिलिलिटर रक्त मेंदूत जाते आणि तेवढेच परत यावे लागते. हे परतीचे काम शिरा करतात. मेंदूवरच्या बारीक शिरा कवटीच्या आतल्या आवरणातील मोठ्या वाहिन्यांना मिळतात. या वाहिन्यांना ‘सायनस’ म्हणतात. सर्दीत चोंदणाऱ्या सायनसशी त्यांचा संबंध नाही, फक्त नाव सारखे आहे. तिथून रक्त मानेतील जुग्युलर शिरांतून हृदयाकडे उतरते. पायांतील शिरांत असतात तशा झडपा मेंदूच्या शिरांत नसतात.

परतीची वाट अडली तर?

मागून रक्त येतच राहते, शिरांतला दाब वाढतो, मेंदूला सूज येते आणि कधी रक्तस्रावही होतो. या आजाराला ‘सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिस’ म्हणतात. २१ देशांतील ६२४ रुग्णांचा मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या, रुग्णांचे मध्यवर्ती वय ३७ होते आणि दहापैकी जवळपास नऊ जणांना डोकेदुखी होती. म्हणजे हा म्हातारपणाचा आजार नाही. हैदराबादच्या ‘निम्स’मधील ४२८ रुग्णांच्या नोंदी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यात मात्र पुरुष निम्म्याहून थोडे अधिक होते.

बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे, संततिनियमनाच्या गोळ्या, रक्तक्षय, शरीरातील पाणी कमी होणे, कान किंवा सायनसचा संसर्ग आणि रक्त गोठण्यातील जन्मजात दोष ही त्याची ओळखीची कारणे. बाळंतिणीला मोजूनमापून पाणी देण्याची जुनी रीत इथे अंगलट येऊ शकते. चतुर्थीच्या तोंडावर पाळी पुढे ढकलण्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणल्या जाणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांचेही तसेच. त्या घेतल्यानंतर मेंदूच्या शिरेत गुठळी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. गोळी घेणाऱ्या प्रत्येकीला हे होते असे नाही. पण धोका आधीच असलेल्या स्त्रीने डॉक्टरांना न विचारता ती घेणे घातक ठरू शकते.

निदान अचूक असणे किती गरजेचे आहे, हे उपचारातून कळते. मेंदूत रक्तस्राव दिसला की रक्त पातळ करणारे औषध टाळायचे, हा एरवीचा नियम. रक्तस्राव शीर तुंबल्यामुळे झाला असेल तर तो उलटा होतो. हेपॅरिन द्यावे लागते, कारण गुठळी वाढतच राहिली तर दाब उतरणार नाही. १९९१ मध्ये जर्मनीत झालेल्या अवघ्या २० रुग्णांच्या चाचणीने या उपचाराला आधार दिला. स्कॅनमधला रक्ताचा डाग तोच असतो, पण त्याचे कारण धमनीत आहे की शिरेत यावर औषध पूर्ण बदलते.

सीटी स्कॅन पुरेसा नाही का?

साध्या सीटी स्कॅनमध्ये गुठळीची थेट खूण सुमारे एक तृतीयांश रुग्णांतच दिसते. ‘सीटी नॉर्मल आहे’ म्हणून रुग्ण घरी परततो तो अशाच वेळी. शिरेत औषध टोचून केलेली सीटी व्हेनोग्राफी चांगली असते, पण तिच्यात क्ष-किरण असतात. गर्भवतीसाठी औषध न टोचता करता येणारी एमआर व्हेनोग्राफी अधिक सोयीची ठरते.

वाहते रक्त यंत्राला कसे कळते?

एमआरआयमध्ये शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन अणूंची केंद्रके चुंबकीय क्षेत्रात भोवऱ्यासारखी डुलत असतात. ‘फेज कॉन्ट्रास्ट’ पद्धतीत या क्षेत्राला आधी एका दिशेने आणि लगेच उलट दिशेने सारखाच झुकाव दिला जातो. जागेवर असलेल्या केंद्रकांवर दोन्हींचा परिणाम एकमेकांना खोडून काढतो आणि हिशेब शून्य होतो. रक्तातील केंद्रके मात्र मधल्या काळात पुढे सरकलेली असतात. त्यांचा हिशेब शून्यावर येत नाही आणि जो फरक उरतो तो वेगाच्या प्रमाणात असतो. तो मोजला की रक्त किती वेगाने आणि कोणत्या दिशेने जाते आहे ते कळते. सुई टोचावी लागत नाही.

यात तंत्रज्ञाला एक आकडा आधी ठरवावा लागतो, तो म्हणजे मोजायच्या वेगाची कमाल मर्यादा. धमन्यांसाठी ती सेकंदाला ८० ते १०० सेंटिमीटर ठेवली जाते, शिरांत रक्त संथ असल्याने बरीच खाली आणावी लागते. मर्यादा फार वर ठेवली तर शिरेतला संथ प्रवाह गोंगाटात हरवतो. फार खाली ठेवली तर वेगवान रक्त उलट्या दिशेने वाहते आहे असे दिसते. सिनेमात धावत्या गाडीचे चाक मागे फिरताना दिसते ना, तसाच हा प्रकार.

‘फोर-डी फ्लो’ ही याच पद्धतीची पुढची पायरी. त्यात वेग तिन्ही दिशांनी आणि हृदयाच्या ठोक्यागणिक मोजला जातो, त्यामुळे शिरेतले भोवरेही पडद्यावर पाहता येतात. कानात नाडीच्या तालावर सतत घूं-घूं ऐकू येणाऱ्या काही रुग्णांत आवाजाचे मूळ कानामागच्या शिरेतील अशा खळबळीत असते. त्यावर ही पद्धत संशोधक वापरत आहेत.

दुसरी युक्ती प्राणवायूची. प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन चुंबकाला वेगळा प्रतिसाद देते, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्ये दाखवले. शिरांत असेच रक्त अधिक असते. त्याचा वापर करून १९९७ मध्ये मेंदूतील बारीक शिरांची चित्रे मिळवण्यात आली. आज रिपोर्टमध्ये ‘एसडब्ल्यूआय’ लिहिलेले असते, ती हीच पद्धत. २००८ मध्ये आलेली ‘ट्रस्ट’ ही तपासणी मुख्य सायनसमधील रक्तात प्राणवायू किती उरला आहे ते सांगते. त्याला प्रवाहाच्या मापाची जोड दिली की मेंदूने किती प्राणवायू वापरला याचा हिशेब लागतो.

रिपोर्टमध्ये शीर ‘दिसत नाही’, म्हणजे गुठळी?

नेहमीच नाही. रिपोर्टचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला की इथेच घबराट उडते. मेंदूच्या दोन्ही बाजूंना असणाऱ्या ‘ट्रान्सव्हर्स सायनस’पैकी एक, बहुधा डावा, अनेक निरोगी माणसांत जन्मतःच अरुंद असतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शिरा निरोगी असलेल्या १०० पैकी ३१ जणांच्या व्हेनोग्राफीत तिथे प्रवाहाची रेघ तुटलेली दिसली होती. उलटही घडते. पहिल्या चार-पाच दिवसांतली ताजी गुठळी काही चित्रांत वाहत्या रक्तासारखी काळी दिसते आणि नजरेतून सुटते. म्हणून तज्ज्ञ एकाच चित्रावर विसंबत नाहीत.

चित्रावर अतिविश्वास ठेवल्याने काय होते याचे उदाहरणही आहे. मानेतील शिरा अरुंद झाल्याने मल्टिपल स्क्लेरोसिस होतो, असा दावा इटलीचे डॉ. पाओलो झांबोनी यांनी २००९ मध्ये केला. जगभरातील रुग्णांनी पैसे मोजून शिरा फुगवून घेतल्या. २०१७ मध्ये आलेल्या इटलीतीलच चाचणीत या उपचाराचा फायदा दिसला नाही, आणि ती चाचणी झांबोनी यांच्याच नेतृत्वाखाली झाली होती.

दोडामार्गच्या रुग्णाने काय विचारावे?

ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले तरी दोडामार्गातील गंभीर रुग्णाची गाडी आजही बहुधा अस्नोडा-म्हापसा मार्गे बांबोळीच्या गोमेकॉकडेच वळते. २०१८ च्या जानेवारीत तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क सुरू झाले, तेव्हा दोडामार्गमध्ये आंदोलन झाले होते.

साध्या ‘एमआरआय ब्रेन’मध्ये व्हेनोग्राफी असतेच असे नाही, ती चिठ्ठीवर वेगळी लिहावी लागते. त्यामुळे बाळंतपण कधी झाले, कोणत्या गोळ्या सुरू होत्या, डोकेदुखी कोणत्या दिवसापासून आहे, हे ग्रामीण रुग्णालयातून निघतानाच्या कागदावर असले तर पुढच्या डॉक्टरला शंका घेणे सोपे जाते. गुठळी निघाली तर रक्त पातळ करणारी औषधे साधारण तीन ते १२ महिने चालतात. त्यातील नव्या गोळ्यांना वारंवार रक्ततपासणी लागत नाही. पण बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला त्या सहसा देत नाहीत, तिला वॉर्फरिनच दिले जाते, आणि वॉर्फरिनसोबत आयएनआर तपासणीच्या फेऱ्याही येतात.