प्रोग्रामरांची सभा आणि लाखनीचा वर्ग

संगणकासाठी प्रोग्राम लिहिणे, म्हणजे एखादे काम यंत्राने कोणत्या क्रमाने करावे हे त्याला कळेल अशा काटेकोर भाषेत मांडणे, ही विद्या महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत शिकवली जाते आणि तिची परीक्षाही होते. परंतु ती परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी प्रत्यक्ष कामाला लागतो, तेव्हा त्याच्या ध्यानात येते की कोऱ्या पानावर नवा प्रोग्राम लिहिण्याची वेळ क्वचितच येते आणि दिवसाचा मोठा भाग दुसऱ्याने लिहून ठेवलेला कोड वाचण्यात, त्यातली चूक हुडकण्यात आणि ती दुरुस्त करताना चालू असलेले काही मोडू नये याची खबरदारी घेण्यात जातो. कोडमध्ये कोणी, केव्हा आणि का बदल केला याची नोंदवही राखणारी ‘गिट’ ही प्रणाली लायनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केली आणि आज सॉफ्टवेअरची बहुतेक मोठी कामे तिच्या आधारे चालतात. तरीही गिटच्या आज्ञा पाठ असणे आणि एका कामाचे बदल किती लहान तुकड्यांत नोंदवावेत हे उमजणे यांत जे अंतर आहे, ते पाठ्यपुस्तक भरून काढू शकत नाही. सुताराकडे उमेदवारी करणारा मुलगा रंधा धरायला बघून शिकतो, तशीच ही गोष्ट जाणत्याच्या शेजारी बसून कळते.

हा शेजार मोठ्या शहरात सहज मिळतो आणि लाखनीसारख्या गावात मिळत नाही, हीच अडचण आहे. भंडारा जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर, नागपूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. भोवती धानाची शेती आहे, समर्थ महाविद्यालयासारखी शिक्षणसंस्था आहे, मुलांच्या हातात फोन आहे आणि काहींच्या घरी लॅपटॉपही. पण चार-पाच वर्षे सॉफ्टवेअरचे काम केलेला माणूस संध्याकाळी पारावर भेटेल, अशी परिस्थिती नाही, कारण असा माणूस घडतो तोच मुळी गाव सोडून नागपूर, पुणे किंवा हैदराबादला गेल्यावर, आणि घरी येतो तो दिवाळीपुरता.

शहरांतील प्रोग्रामरांनी हा शेजार कंपनीच्या भिंतींबाहेरही मिळावा म्हणून जी व्यवस्था उभी केली, तिला ते साधेपणाने ‘मीटअप’ म्हणतात. महिन्यातल्या ठरलेल्या शनिवारी एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा कंपनीच्या खोलीत पंचवीस-तीस माणसे जमतात, दोघे-तिघे आपापल्या कामाविषयी बोलतात, पडद्यावर कोड दाखवतात, प्रश्न होतात आणि त्यानंतर चहा होतो. वक्त्याला मानधन नसते आणि बहुधा श्रोत्याला तिकीटही नसते. हेच मोठ्या प्रमाणावर, वर्षातून एकदा आणि दोन-तीन दिवस झाले, की त्याला परिषद म्हणतात. पुण्यात लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांच्या गटाच्या बैठका आणि सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने भरणारा ‘ग्नुनिफाय’ हा मेळावा ही अशीच उदाहरणे. पायथन या भाषेची देशव्यापी परिषद, ‘पायकॉन इंडिया’, २००९ मध्ये बंगळुरूत सुरू झाली आणि २०११ च्या सप्टेंबरात पुण्याच्या सिंबायोसिस विश्वभवनात भरली. रुबी भाषेची भारतीय परिषद २०१२ व २०१३ मध्ये पुण्यात आणि पुढची दोन वर्षे गोव्यात झाली. विदर्भापुरते पाहिले, तर संकेतस्थळे बनवण्याच्या वर्डप्रेस या मुक्त प्रणालीचा ‘वर्डकॅम्प’ २०१७ मध्ये नागपुरात झाला. मुक्त प्रणाली म्हणजे जिचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो अशी. आणि वर्डकॅम्पची पद्धत अशी, की तो त्या-त्या गावच्या स्वयंसेवकांनीच भरवायचा आणि व्यासपीठावरून कोणी आपल्या मालाची जाहिरात करायची नाही. लाखनीला सर्वांत जवळचे उदाहरण हेच म्हणावे लागेल.

अशा एका तासात नेमके काय शिकायला मिळते, हे प्रत्यक्ष कोडच्या उदाहरणाशिवाय समजणे कठीण आहे. धान खरेदी केंद्राचा हिशेब ठेवणारा एक छोटा प्रोग्राम कल्पावा, ज्यात एका यादीत शेतकऱ्यांची नावे आहेत आणि दुसऱ्या यादीत त्याच क्रमाने प्रत्येकाच्या धानाचे वजन आहे. स्वतःच्या बळावर पायथन शिकलेला विद्यार्थी पहिले नाव व पहिले वजन, दुसरे नाव व दुसरे वजन असे आकडे मोजत पुढे सरकतो. त्याचा प्रोग्राम चालतो, पण वाचणाऱ्याला आकड्यांच्या गर्दीत हेतू सापडत नाही. सभेतला वक्ता हाच कोड पडद्यावर ठेवून दाखवतो, की पायथनमध्ये ‘झिप’ नावाची तयार सोय आहे, जी दोन याद्या कपड्याच्या चेनच्या दातांसारख्या एकमेकींत अडकवून नाव आणि वजन यांची जोडी हातात देते, आणि त्यामुळे चार ओळींचे काम दोन ओळींत, तेही बोलीभाषेत वाचावे तसे, लिहिता येते. पुण्याच्या २०११ च्या परिषदेत बीजभाषण देणारे रेमंड हेटिंजर पायथनच्या जगात प्रसिद्ध आहेत ते याच गोष्टीसाठी: दुसऱ्या भाषेच्या वळणाने लिहिलेला कोड पायथनच्या वळणाने कसा लिहावा, हे ते ओळीमागून ओळ घेऊन समजावतात.

एवढे तर पुस्तकातही सापडेल. सभेचे मोल त्यापुढच्या क्षणाला आहे, जेव्हा मागच्या रांगेतून कोणी विचारतो, की एखाद्याचे वजन नोंदवायचे राहून गेले आणि दोन याद्यांची लांबी सारखी राहिली नाही, तर काय होईल. उत्तर धक्कादायक आहे: झिप धाकट्या यादीपाशी थांबते, कोणतीही तक्रार करत नाही आणि यादीच्या शेवटी असलेल्या शेतकऱ्याचे नाव हिशेबातून निमूटपणे गळते, शिवाय नोंद मधलीच राहिली असेल, तर तिथून पुढे प्रत्येकाच्या नावावर शेजाऱ्याचे वजन चढते. चूक झाली तरी प्रोग्राम बंद पडत नाही, म्हणूनच ती घातक. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या पायथनच्या ३.१० या आवृत्तीत झिपला ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय जोडण्यात आला आणि तो वापरल्यास याद्या असमान असताना प्रोग्राम गप्प न राहता चूक दाखवून थांबतो. हा पर्याय जाणणारा खोलीत एक जण असेल तर तो बोलतो; आणि तेवढ्यात तिसरा कोणी विचारतो, की मुळात नावे आणि वजने वेगळ्या याद्यांत ठेवलीच कशाला, एका शेतकऱ्याची सारी माहिती एकत्र का ठेवू नये. येथे चर्चा भाषेच्या एका सोयीवरून रचनेच्या प्रश्नावर आलेली असते, आणि सॉफ्टवेअरमधील खरे कौशल्य या दुसऱ्या प्रकारचे आहे. कोडकडे पाहून कोणता प्रश्न विचारावा ही दृष्टी त्या दहा मिनिटांत नवशिक्याला दिसते. ती त्याची स्वतःची व्हायला मात्र त्याला घरी जाऊन तोच प्रोग्राम आपल्या हाताने मोडून पाहावा लागतो.

महाराष्ट्राला सभेतून शिकणे नवे नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, ५ मार्च १९७५ रोजी, कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका घराच्या गॅरेजमध्ये ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची पहिली बैठक भरली आणि त्या क्लबमध्ये येणाऱ्या स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी आपला ‘ॲपल १’ हा संगणक पुढे तिथेच मांडून दाखवला. दोन्ही सभाच, परंतु व्याख्यानमालेत वक्ता आणि श्रोता यांच्यामध्ये एक उंबरठा असतो, वक्ता विद्वान म्हणून बोलावला जातो आणि श्रोता समाधानाने घरी जातो, तर प्रोग्रामरांच्या सभेत आजच्या श्रोत्याने उद्या बोलावे अशी अपेक्षा असते. या दृष्टीने तिचे नाते व्याख्यानमालेपेक्षा झाडीपट्टीतील दंडार या लोकनाट्याशी अधिक जुळते, असे म्हटले तर लाखनीच्या वाचकाला ते खटकू नये: दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जत्रेवजा मेळ्यात, दंडार उभी करतात ते गावातलेच शेतकरी असतात.

बोलायला उभे राहण्यानेच कौशल्य सर्वाधिक वाढते, आणि सभांच्या साऱ्या उपयुक्ततेचे मर्म येथे आहे. जे आपल्याला येते असे वाटत असते, ते तीस अनोळखी माणसांना वीस मिनिटांत सांगायचे ठरवले, की आपल्या समजुतीतली भोके दिसू लागतात; उदाहरण छोटे करावे लागते, ते चालवून पाहावे लागते, ‘असेच करायचे असते’ एवढ्यावर भागत नाही. मोठ्या परिषदांत यासाठी आधी प्रस्ताव मागवतात, त्यात विषय काय, तो कोणासाठी आणि श्रोत्याच्या हाती काय पडेल हे थोडक्यात लिहावे लागते, आणि असा प्रस्ताव नाकारला गेला तरी तो लिहिण्याचा अभ्यास वाया जात नाही. भीड मोडण्यासाठी ‘लायटनिंग टॉक’ हा पाच मिनिटांच्या भाषणाचा प्रकार आहे. वेळ संपली की टाळ्या वाजतात आणि वक्त्याला बसावे लागते, त्यामुळे फसण्याची भीतीही पाच मिनिटांचीच उरते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये पुण्यात झालेल्या ‘पायकॉन पुणे’ या परिषदेने भाषणांना आणखी एक जोड दिली होती, ती ‘डेव्ह स्प्रिंट’ची, म्हणजे ज्या मुक्त प्रकल्पांविषयी व्यासपीठावरून ऐकले त्यांच्याच कर्त्यांसोबत बसून त्यांतल्या चुका दुरुस्त करण्याची. त्या परिषदेच्या प्रमुख वक्त्यांत बेळगावात भौतिकशास्त्र शिकवणारे प्रवीण पाटील होते; पायथन आणि नवी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात विकसित झालेले ‘एक्सपआईज’ हे स्वस्त प्रयोग-उपकरण यांच्या साहाय्याने वर्गात प्रयोग कसे करता येतात, हा त्यांच्या कामाचा विषय. सॉफ्टवेअर कंपनीबाहेरचा, राजधानीपासून दूरच्या शहरातला शिक्षक प्रोग्रामरांपुढे अधिकाराने बोलू शकतो, ही गोष्ट तालुक्याच्या गावाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. दुसरे उदाहरण पश्चिम बंगालमधील दुर्गापूर या पोलादाच्या कारखान्याच्या शहराचे. तेथे २००४ मध्ये लिनक्स वापरणाऱ्यांचा एक गट सुरू झाला आणि २००८ पासून त्याने उन्हाळी प्रशिक्षण चालवले, तेही ‘आयआरसी’ या केवळ टंकलिखित गप्पांच्या जुन्या माध्यमातून; ज्याला प्रश्न असेल त्याने फक्त उद्गारचिन्ह टाइप करायचे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचे. चित्र नाही, आवाज नाही, त्यामुळे मंद जोडणीही पुरते. सभेला शिस्त लागते आणि यंत्रसामग्री फारशी लागत नाही, हे याहून चांगले क्वचितच दिसेल.

२०२० व २०२१ मध्ये महामारीमुळे पायकॉन इंडिया पूर्णपणे ऑनलाइन झाली आणि लाखनी व बंगळुरू यांच्यातले अंतर काही काळ नाहीसे झाले. भाषणांची ध्वनिचित्रमुद्रणे तर आधीपासूनच मोफत मिळतात, आणि आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीतही उपलब्ध करून दिले आहेत. विद्यार्थ्याने एका खिडकीत पाठ आणि शेजारच्या खिडकीत आपला प्रोग्राम ठेवून प्रत्येक कृती लगेच करून पाहावी, अशी त्यांची रचना आहे. मुद्रण थांबवता येते, मागे नेता येते. मागे नेता येते म्हणूनच ते उद्यावरही ढकलता येते, आणि त्याला मागच्या रांगेतला प्रश्न विचारता येत नाही. एकट्याने तीस भाषणे पाहण्यापेक्षा आठ जणांनी एक भाषण एकत्र पाहून, मध्ये थांबवून, त्यावर भांडणे अधिक फलदायी ठरते.

या सभांत दोषही पुष्कळ आहेत. काही ठिकाणी भाषण नोकरभरतीची जाहिरात बनते, काही ठिकाणी प्रमाणपत्र आणि टी-शर्ट यांसाठीच गर्दी होते, नव्या शब्दांच्या मागे धावणारे वक्ते कालच्या कामाचे काय बिघडले हे सांगायला तयार नसतात, आणि मुलींची संख्या कमी असली की त्या प्रश्न विचारायलाही कचरतात; म्हणून बऱ्याच परिषदा आचारसंहिता आधीच जाहीर करतात. भाषेच्या दोषाविषयी मात्र सर्वांत कमी बोलले जाते. इंग्रजीत झालेल्या भाषणानंतर खोली शांत राहते ती विषय समजला म्हणून असतेच असे नाही. लूप, फंक्शन, व्हेरिएबल हे शब्द तसेच ठेवून बाकी सारे मराठीत, हवे तर झाडीबोलीत, बोलले तर पहिला प्रश्न लवकर येतो, आणि पहिल्या प्रश्नावरच सभा उभी राहते.

लाखनीत अशी बैठक सुरू करायला महाविद्यालयाची शनिवारी दुपारी रिकामी असणारी एक खोली, एक प्रोजेक्टर आणि धान खरेदी, एसटीचे वेळापत्रक किंवा वाचनालयाची नोंदवही असा ओळखीचा एखादा विषय पुरेसा आहे. दिवाळीला घरी आलेला नागपूर-पुण्याचा प्रोग्रामर पहिला वक्ता होऊ शकतो, आणि दुसरा वक्ता गावातलाच असला पाहिजे, नाहीतर बैठक पाहुण्याच्या सुट्टीबरोबर संपेल. जमतील ती माणसे थोडी असतील, ही शंका संयोजकांनी मनातून काढून टाकावी. आज ज्या पायथनच्या परिषदा अनेक देशांत भरतात, त्या भाषेची पहिली कार्यशाळा नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेतील गेदर्सबर्ग येथे झाली, तेव्हा तिला सुमारे २० माणसे हजर होती.