स्ट्रॉबेरी, चक्का आणि आपली साखर



या पानावर आपण नेहमी बेणेप्रक्रिया, पाचट कुजवणे, खोडव्याची खते असे विषय वाचतो. मी मात्र या खेपेस एका गोड पदार्थाबद्दल लिहिणार आहे. कुणी हसू नये. ऊस आपण पिकवतो, साखर आपला कारखाना तयार करतो, सभासद-साखरेचे पोते घरी येते; पण तीच साखर भांड्यात पडल्यावर नेमके काय करते, हे मला वयाच्या सत्तराव्या वर्षी डोंबिवलीत कळले, आणि तेही फजिती झाल्यावर.

गेल्या फेब्रुवारीत डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे डोंबिवलीला महिनाभर राहिलो. आपल्या भागातल्या किती घरांतली पोरं ठाणे, कल्याण, डोंबिवलीला आहेत, हे तुम्हांला सांगायला नको. मुलगा आणि सूनबाई दोघेही सकाळच्या गाडीने नोकरीला जातात ते रात्री आठ-साडेआठला परत येतात. घरात मी आणि नऊ वर्षांची नात. त्या आठवड्यात तिचा वाढदिवस होता आणि सूनबाईंना काही सुट्टी मिळाली नाही. सकाळी पायात चप्पल घालताना त्या नातीला म्हणाल्या, "रविवारी करू हं बाळा." पोरगी काही बोलली नाही. न बोलणाऱ्या पोराचं जास्त लागतं. दुपारी शाळेतून आल्यावर तिने मोबाईलवर एक पदार्थ दाखवला. "आबा, याला गॅससुद्धा लागत नाही. आपण करू ना."

पदार्थ अमेरिकेतला. खाली खाऱ्या बिस्किटांचा चुरा, मध्ये साय आणि चीज घोटून केलेला थर, वर स्ट्रॉबेरी आणि जेली. गोडाचा पदार्थ, पण तिकडे त्याला सॅलडच म्हणतात, आणि जेवणातच वाढतात. आपण नाही का फ्रूट सॅलड म्हणतो, त्यातलाच प्रकार. स्ट्रॉबेरी घरात होती. आदल्या रात्री सूनबाईंनी स्टेशनबाहेरून तीन डबे आणले होते. म्हटलं, चला.

आता फजिती ऐका. चार वाजता मी स्ट्रॉबेऱ्या बारीक चिरल्या, अगदी कोशिंबिरीसारख्या. वर सढळ हाताने साखर घातली (ऊसवाल्याचा हात!). चीज नव्हतं, म्हणून पातेल्यातली साय आणि दोन वाट्या दूध घालून ढवळलं आणि फ्रीजमध्ये ठेवून दिलं. साडेसहाला नातीने झाकण काढलं तर खाली गुलाबी पाणी, वर मऊ पडलेल्या फोडी आणि दुधाचे बारीक बारीक कण. दूध फाटलं होतं. पोरीचा चेहरा बघवेना.

शेजारच्या वहिनी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी भांड्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमचा सगळा जन्म साखरेत गेला ना? मग साखर पाणी ओढते, हे ठाऊक नाही?"

खरं सांगायचं तर ठाऊक होतं, पण तिथे जोडलं गेलं नव्हतं. स्ट्रॉबेरीत शेकडा ९० भाग पाणीच असतं. म्हणजे अर्धा किलो फळात साडेचारशे ग्रॅम पाणी. हे पाणी बारीक बारीक पेशींत कोंडलेलं असतं. फळ कापून वर साखर टाकली की पृष्ठभागावरच्या थोड्याशा रसात ती विरघळते आणि तिथे घट्ट पाक तयार होतो. बाहेर घट्ट, आत पातळ. अशा वेळी आतलं पाणी पेशीच्या पडद्यातून घट्टाकडे धावतं. जितके तुकडे बारीक, तितक्या कापलेल्या कडा जास्त, आणि तितकं पाणी लवकर सुटतं. अर्ध्या तासात वाटीच्या तळाशी रस दिसतो. मी तर अडीच तास ठेवलं होतं.

आपल्या शेतात हाच न्याय रोज चालतो. खारपड, चोपण झालेल्या रानात पाणी उभं असतं तरी ऊस सुकल्यासारखा दिसतो, कारण मातीतल्या क्षारांनी ते पाणी धरून ठेवलेलं असतं आणि मुळांना ते ओढता येत नाही. कोरड्या मातीत कोवळ्या मुळीच्या अगदी जवळ खताची मूठ पडली तर रोप करपतं, तेही यामुळेच. मोरावळा आणि कैरीचा साखरांबा वर्षभर टिकतो, कारण साखर पाणी धरून ठेवते आणि बुरशीला ते मिळत नाही. उसातही शेकडा सत्तरच्या आसपास पाणीच असतं. कारखान्यात ते वाफेवर आटवायला केवढी यंत्रं लागतात! आणि इथे साखर एक पैसाही खर्च न करता फळातलं पाणी बाहेर काढते. फक्त आपल्याला ते नको असतं तेव्हा काढते.

दूध फाटलं त्याचं कारण वेगळं. स्ट्रॉबेरी आंबट असते, आणि आंबटाने दुधातलं प्रथिन गोळा होऊन पाणी वेगळं पडतं. शिकरण फाटत नाही, कारण केळं तेवढं आंबट नसतं. मग स्ट्रॉबेरीला जोड कशाची द्यायची? तर चक्क्याची. दही हे आधीच आंबटाने गोळा झालेलं दूध आहे. विरजणामुळे ते हळूहळू होतं म्हणून कवडीसारखं घट्ट लागतं. फडक्यात टांगून त्यातलं पाणी काढलं की चक्का. जे एकदा गोळा झालं ते स्ट्रॉबेरीच्या आंबटाने पुन्हा काय फाटणार? सायीलाही फारशी भीती नाही, कारण तिच्यात स्निग्धांश जास्त आणि फाटणारं प्रथिन थोडं. माझा घात दोन वाट्या दुधाने केला.

वहिनींच्या घरी फ्रीजमध्ये चक्का होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून मुलगी जाऊन क्रीमचा डबा आणि शेंगदाण्याची चिक्की घेऊन आली. स्ट्रॉबेरीचा एक डबा सुदैवाने शिल्लक होता, आणखी दोन खाली फळवाल्याकडे मिळाले. मग जे केलं ते असं. साधारण सहा माणसांना पुरतं.

चक्का ४०० ग्रॅम घ्यावा. घरी करायचा तर किलोभर घट्ट दही रात्री फडक्यात बांधून टांगावं. उन्हाळा असेल तर चाळणीत ठेवून फ्रीजमध्येच, नाहीतर आंबट होतं. फडकं पिळल्यावर हाताला पाणी लागता कामा नये. ही अट कडक आहे, कारण साखर मिसळली की चक्का आणखी सैल पडतो. श्रीखंड करणाऱ्या बायांना हे वेगळं सांगायला नको. चक्क्यात १०० ग्रॅम पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ घालून हाताने घोटावं. पिठीसाखर घरीच मिक्सरमधून काढावी. आपली एम-३० मोठ्या दाण्याची, एस-३० लहान दाण्याची. दळायला कोणतीही चालते, पण न दळता घातली तर थंड चक्क्यात विरघळायला वेळ लागतो आणि दाताखाली कचकच येते. गूळ घातला तर चव चांगली येते, रंग मात्र मातकट होतो, वाढदिवसाला नको. मग गार केलेलं २०० मिलिलिटर क्रीम किंवा घरची फेटलेली साय हलक्या हाताने मिसळावी. हे भांडं सकाळी करून फ्रीजमध्ये ठेवलं तरी संध्याकाळपर्यंत काही बिघडत नाही.

साखर गेली ती चक्क्यात. फळावर एक दाणाही नाही. सगळी मेख इथे आहे.

अर्धा किलो स्ट्रॉबेरी देठासकट धुवावी. देठ आधी काढले तर त्या भोकातून पाणी आत शिरतं. फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी होऊ द्यावी, मग देठ काढून मोठ्या फळाचे दोनच भाग करावेत, लहान अख्खंच ठेवावं. वाढायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी चक्क्यात घालून एकदाच खालीवर करावं. अगदी वाढताना वरून चिक्कीचा भरड चुरा टाकावा. परदेशी खाऱ्या बिस्किटाची जागा आमच्याकडे चिक्कीने घेतली आणि मला तर ती जास्त आवडली. पण चिक्की म्हणजे पुन्हा साखर-गूळच. आधी टाकली तर चक्क्यातलं पाणी ओढून चिकट, मऊ होते. बिस्किटाचा चुरा घातला तर तोही भिजून लगदा होतो. त्यामुळे कुरकुरीत ते शेवटी.

पहिल्या खेपेचा गुलाबी रस मी ओतून देणार होतो, पण एखाद्या वेळी तो मुद्दाम काढण्यासारखा आहे. चार-पाच पिकलेली फळं चिरून त्यांवर दोन चमचे साखर घालून अर्धा तास ठेवावं. जो लाल पाक सुटतो तो वाटीत वरून धारेने सोडावा. कच्च्या रसाचा तो पाक फार टिकत नाही, त्याच दिवशी संपवावा.

जेलीचा थर आम्ही गाळला. ज्यांना हौस असेल त्यांनी लक्षात ठेवावं, की बाजारातल्या पुष्कळ जेलीत जिलेटिन असतं आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात. डब्यावरचा हिरवा ठिपका पाहून घ्यावा. चायना ग्रास समुद्रातल्या शेवाळापासून होतं, ते चालतं. पण ते आधी नुसत्या पाण्यात उकळून पूर्ण विरघळवावं आणि फळाचा रस नंतर घालावा. आंबट रसात उकळलं तर नीट धरत नाही.

फळ विकत घेताना बघायचं ते असं. आंबा, केळं, चिकू काढल्यावर अढीत पिकतात; स्ट्रॉबेरी पिकत नाही. तोडली तेव्हा जेवढी गोड, तेवढीच शेवटपर्यंत. देठाजवळ पांढरी राहिलेली फळं स्वस्त मिळाली तरी ती दोन दिवसांनी गोड होतील ही आशा व्यर्थ. डबा उलटा करून तळ पाहावा. वर मोठी लाल फळं आणि खाली दबून रस सुटलेली, ही गोष्ट सगळीकडे आढळते. वास यायला हवा. ज्याला वास नाही त्याला चव नाही.

आणि हे फळ येतं कुठून? त्या डब्यावर महाबळेश्वर लिहिलेलं पाहून मला गावाकडचं माणूस भेटल्यासारखं झालं. थंड हवेच्या त्या डोंगरावर, महाबळेश्वर-पाचगणीच्या परिसरात, भिलारसारख्या गावांतून देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी येते. भिलार म्हणजे २०१७ साली जे पुस्तकांचं गाव झालं तेच. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हंगाम साधारण नोव्हेंबरअखेर सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे आपल्या गाळपाचाच काळ. आपल्या उसाच्या ट्रॉल्या खाली रस्त्याने कारखान्याकडे जात असतात तेव्हा स्ट्रॉबेरीचे टेम्पो पसरणीच्या घाटातून वाईला उतरत असतात. त्यातला बराच माल वाशीच्या घाऊक बाजारात जातो आणि तिथून ठाण्याच्या जांभळी नाक्यावर, कल्याणला, डोंबिवलीला पसरतो. आमची साखर त्याच जिल्ह्यातली. दोघी एका जिल्ह्यात वाढल्या आणि भेटल्या डोंबिवलीच्या दुसऱ्या मजल्यावर.

हिशेब करायची खोड जात नाही, म्हणून तोही मांडतो. उतारा ११ टक्के धरला तर १०० ग्रॅम साखरेला ९०० ग्रॅमच्या वर ऊस लागतो. म्हणजे सहा माणसांच्या वाटीत आपला एखादाच ऊस पडला, आणि चांगला जाड असेल तर तोही पुरता नाही.

सूनबाई पावणेनऊला आल्या. नातीने त्यांना चप्पलही काढू दिली नाही, हाताला धरून टेबलाशी नेलं. त्या बसल्या, एक चमचा खाल्ला, आणि मग बराच वेळ पोरीला जवळ घेऊन बसून राहिल्या. माझी वाटी वेगळी होती. साखर कारखान्याचा सभासद असलो तरी रक्तातली साखर डॉक्टरांनी मोजलेली आहे. म्हणून पिठीसाखर घालायच्या आधीच थोडा चक्का बाजूला काढून त्यात चार फोडी टाकल्या होत्या. फळ नीट पिकलेलं असेल तर तेवढ्याने भागतं. ज्यांच्या घरी मधुमेहाचं माणूस आहे त्यांनी असंच करावं, म्हणजे त्याला नुसतं बघत बसावं लागत नाही.

स्ट्रॉबेरीचा हंगाम संपल्यावर काही जण बर्फातली गोठवलेली आणतात. या पदार्थात ती घालू नये. गोठताना पाण्याचे स्फटिक पेशी फोडतात आणि वितळल्यावर साखरेची वाटही न पाहता सगळं पाणी सुटतं. त्यापेक्षा पावसाळ्यात डाळिंब घ्यावं. त्याचा प्रत्येक दाणा आपल्या सालीत बंद असतो, कुठे कापलेला नसतो. त्यामुळे तो गोड चक्क्यात तासभर राहिला तरी कोरडा राहतो. दाणे सोडवताना फुटलेले तेवढे बाजूला काढावेत आणि मुलांना तिथेच खायला द्यावेत.