केबल लावलेली आहे, पण नेट नाही: लॅबमधला लिनक्स डेस्कटॉप आणि मी काढलेला चुकीचा निष्कर्ष



पीएचडीला प्रवेश मिळाला की पहिल्या आठवड्यात तुम्हाला साधारण तीन गोष्टी मिळतात: एक टेबल, एक खुर्ची आणि आधीच्या विद्यार्थ्याने वापरलेला डेस्कटॉप. विज्ञान शाखेत असाल तर त्यावर बऱ्याचदा उबुंटू किंवा दुसरं एखादं लिनक्स असतं. मग एक दिवस त्याचं नेट जातं. केबल जागेवर असते, शेजारच्याचं व्यवस्थित चालू असतं आणि तुमच्या स्क्रीनवर मात्र "कनेक्शन नाही".

असं झालं तर काय तपासायचं, कुठल्या क्रमाने तपासायचं आणि का, हे आज सांगते. सोबत माझ्याच मशीनची गोष्टही सांगणार आहे, कारण त्यात मी जी चूक केली ती नेटवर्कपुरती नव्हती. तीच चूक मी प्रयोगातही करू शकले असते.

काय झालं होतं?

दिवाळीच्या सुट्टीनंतर लॅबमध्ये आले. माझं मशीन जवळजवळ तीन आठवडे बंद होतं. चालू केलं तर नेट नाही. शेजारच्या टेबलावरचं विंडोजचं मशीन त्याच स्विचला जोडलेलं, आणि ते मस्त चालू. मी लगेच ठरवून टाकलं की दोष लिनक्सचा आहे. एकाच खोलीत, एकाच स्विचवर एक चालतं आणि दुसरं नाही, तर फरक ऑपरेटिंग सिस्टिमचाच असणार ना?

पुढचे चार तास मी भराभर उपाय केले. जुन्या कर्नलने मशीन सुरू केलं, कनेक्शन पुसून नवीन बनवलं, डीएनएस बदलला, मोबाईलचं नेट जोडून अपडेट घेतले. एका सीनियरने सांगितलं, "फॉरमॅट मार, अर्ध्या तासाचं काम आहे." मी पेनड्राइव्हही तयार केला. त्या डिस्कवर माझ्या सिम्युलेशनचा तीन आठवड्यांचा डेटा होता आणि त्याचा बॅकअप नव्हता. (हो, माहीत आहे. बोलू नका.)

पेनड्राइव्ह लावण्याआधी काय करायला हवं होतं, ते आता बघू.

क्रम खालून वर

नेटवर्क थरांनी बनलेलं असतं. सगळ्यात खाली तार, तिच्यावर कार्ड आणि ड्रायव्हर, मग पत्ता, मग वाट, मग नावं, आणि सगळ्यात वर ब्राउझर. वरचा थर खालच्यावर उभा असतो, म्हणून तपासणी खालून सुरू करायची. प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत काहीही बदलायचं नाही, फक्त बघायचं.

कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये टाकताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाका.

पहिला प्रश्न: तार जिवंत आहे का?

मशीनच्या मागे वाका. केबल जिथे घुसते तिथे बहुतेक मशीनना दोन बारीक दिवे असतात. दोन्ही विझलेले असतील तर टर्मिनल उघडायची घाई नको. केबल काढून पुन्हा लावा, "टक" असा आवाज यायला हवा. क्लिप तुटलेली केबल दिसायला लागलेली असते, पण आत नीट बसलेली नसते. मग चालू असलेल्या मशीनची केबल आपल्याला लावून बघा, आणि नंतर स्विचवरचं दुसरं पोर्ट.

केबलमध्ये तारांच्या ४ जोड्या असतात. १०० मेगाबिटच्या वेगाला २ जोड्या पुरतात, १ गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे एखादी तार तुटली तर कधीकधी नेट बंद न पडता नुसतं मंदावतं. "नेट स्लो आहे" या तक्रारीमागे असंही कारण असू शकतं.

दुसरा प्रश्न: मशीनला कार्ड दिसतंय का?

'आयपी लिंक' ही कमांड द्या. दोन-तीन नावं येतील. 'एलओ' हे मशीनचं स्वतःशीच बोलण्याचं दार, ते सोडा. तारेच्या कार्डाचं नाव बहुधा 'ईएन'ने सुरू होतं, उदाहरणार्थ 'ईएनपी३एस०'. त्या ओळीत 'नो-कॅरिअर' दिसलं तर कार्ड ठीक आहे पण पलीकडून सिग्नल नाही, म्हणजे परत पहिल्या प्रश्नाकडे. असं नावच नसेल तर ड्रायव्हर किंवा कार्डाचा प्रश्न. तेव्हा 'एलएसपीसीआय' या कमांडने हार्डवेअरच्या यादीत तरी कार्ड आहे का ते बघा.

एक गंमत सांगते. या नावातले आकडे कार्ड मदरबोर्डवर कुठे आहे ते सांगतात. कुणी मशीनमध्ये नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं तर हे नाव बदलू शकतं. सेटिंग जुन्या नावाची राहते आणि नेट जातं. म्हणून "मी नेटला हातच लावला नाही" हे वाक्य खरं असूनही पुरेसं नसतं.

तिसरा प्रश्न: पत्ता कुठला मिळालाय?

'आयपी ए' अशी कमांड द्या आणि आलेला आकडा वाचा. "पत्ता आहे" एवढं बघून पुढे जाऊ नका. मी नेमकी इथेच चुकले.

पत्ता मिळतो कसा? मशीन चालू झालं की ते सगळ्या नेटवर्कला ऐकू जाईल असं विचारतं, "कुणी पत्ता देतं का?" डीएचसीपी सर्व्हर म्हणतो, "हा घे." मशीन म्हणतं, "बरं, हाच घेतो." सर्व्हर म्हणतो, "ठीक, इतका वेळ तो तुझा." पत्ता कायमचा नसतो, मुदतीवर असतो. साधारण अर्धी मुदत झाली की मशीन ज्याने पत्ता दिला त्यालाच थेट विचारून ती वाढवून घेतं.

आता आकड्याचा अर्थ बघा. १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता असेल तर कुणीच उत्तर दिलेलं नाही, मशीनने स्वतःच एक पत्ता घेतलाय. १०., १९२.१६८. किंवा १७२.१६ ते १७२.३१ असेल तर तो खाजगी नेटवर्कचा पत्ता, संस्थांमध्ये असाच असतो. पण तुमच्या संस्थेचा कुठला? त्यासाठी शेजारच्या चालू मशीनचा पत्ता बघून घ्या.

माझ्या मशीनवर १९२.१६८.०.१०५ होता. शेजारच्याचा १०.ने सुरू होत होता. हा फरक पहिल्या पाच मिनिटांत दिसला असता. मी चार तासांत एकदाही तो वाचला नाही.

चौथा प्रश्न: बाहेर जायची वाट कुठली?

'आयपी आर' या कमांडमध्ये 'डिफॉल्ट'ने सुरू होणारी ओळ गेटवेचा पत्ता सांगते. आपली सगळी बाहेरची वाहतूक या दारातून जाते. आधी गेटवेला पिंग करा, मग बाहेरच्या ८.८.८.८ला (हा गूगलचा डीएनएस सर्व्हर). गेटवे उत्तर देतो पण बाहेरून काहीच येत नाही, तर अडचण दाराच्या पलीकडे आहे. काही संस्था बाहेरचा पिंग मुद्दाम बंद ठेवतात, म्हणून हीच चाचणी चालू मशीनवरही करून बघा. ते आपलं कंट्रोल.

पाचवा प्रश्न: नावं सापडतात का?

आकड्याला पिंग जातो पण संकेतस्थळाच्या नावाला जात नाही, तर डीएनएसकडे बघा. डीएनएस बदलायची वेळ इथे येते, त्याआधी नाही. मी तो दुसऱ्याच तासाला बदलला होता.

आणखी दोन गोष्टी. ब्राउझर चालतो पण टर्मिनलमधून पॅकेज उतरत नाही, तेव्हा प्रॉक्सी बघा. अनेक संस्थांत प्रॉक्सी लागते आणि आपण ती फक्त ब्राउझरमध्ये भरलेली असते. दुसरं म्हणजे घड्याळ. जुनं मशीन बरेच दिवस बंद राहिलं आणि मदरबोर्डवरचा सेल संपला तर तारीख मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळं प्रमाणपत्राची चूक दाखवतात आणि आपल्याला वाटतं नेट गेलं.

तर माझ्या मशीनचं काय झालं?

फॉरमॅटच्या आधी मी शेवटची एक युक्ती केली. शेजारच्या मशीनचं सेटिंग बघून पत्ता हाताने भरला, फक्त शेवटचा आकडा बदलला. आधी त्या पत्त्याला पिंग केलं, उत्तर नाही, म्हणजे मोकळा आहे असं धरलं. आणि नेट आलं! सरांना आकडे पाठवले. वहीत लिहिलं, "लिनक्सचं डीएचसीपी बिघडलंय, हाताने पत्ता दिला की चालतं."

तिसऱ्या दिवशी शेजारच्या लॅबचा प्रिंटर अडायला लागला. एक पान यायचं, चार जायची नाहीत. तिथल्या एका मुलीला त्या दिवशी सिनॉप्सिसच्या प्रती ऑफिसात द्यायच्या होत्या. ती धावत गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली, परत येईपर्यंत खिडकी बंद. दुपारी नेटवर्क विभागातले काका आले आणि शोधत शोधत माझ्या टेबलाशी थांबले. प्रिंटरचा पत्ता माझं मशीन वापरत होतं. मी पिंग केलं तेव्हा प्रिंटर सुट्टीमुळे बंद होता, म्हणून उत्तर आलं नव्हतं.

काकांनी सेटिंग परत ऑटोमॅटिक केलं आणि म्हणाले, "आता आलेला पत्ता वाच." मी वाचला. ते म्हणाले, "आपल्या नेटवर्कमध्ये असा पत्ता कोण देतं?" मग 'आयपी एन' या कमांडने गेटवेच्या कार्डाचा क्रमांक बघितला. त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून सहसा बनवणारी कंपनी कळते, आणि ती निघाली घरगुती राउटर बनवणारी. दहा मिनिटांत तो राउटर सापडला. सुट्टीत एका विद्यार्थ्याने वायफायसाठी घरून आणला होता आणि भिंतीची केबल चुकीच्या पोर्टमध्ये लावली होती. तो राउटर सगळ्या मजल्याला पत्ते वाटत होता, पण त्याच्या स्वतःच्या बाहेरच्या पोर्टला काहीच जोडलेलं नव्हतं.

मग शेजारचं विंडोज का चालत होतं? ते सुट्टीभर चालूच होतं. आपली मुदत ते संस्थेच्या सर्व्हरकडूनच वाढवून घेत राहिलं. माझी मुदत संपलेली, मी नव्याने "कुणी पत्ता देतं का?" असं ओरडले, आणि राउटरने आधी उत्तर दिलं. फरक लिनक्स आणि विंडोजचा नव्हताच. फरक बंद राहिलेल्या आणि चालू राहिलेल्या मशीनचा होता.

फॉरमॅट मारला असता तर नव्या उबुंटूनेही त्याच राउटरकडून पत्ता घेतला असता. नेट आलं नसतं आणि डेटा गेला असता.

हे मी तुम्हाला का सांगतेय?

प्रवेश परीक्षेसाठी तुम्ही रिसर्च मेथडॉलॉजीत 'कन्फाउंडिंग व्हेरिएबल'ची व्याख्या पाठ करता. मलाही ती पाठ होती. तरी दोन मशीनमध्ये दोन फरक होते आणि मला डोळ्यांत भरणारा एकच दिसला. पिंगला उत्तर आलं नाही याचा अर्थ मी "तिथे कुणी नाही" असा घेतला, खरा अर्थ होता "आत्ता कुणी बोललं नाही". आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे उपाय चालला म्हणून कारणही बरोबर धरलं आणि ते वहीत लिहूनही टाकलं. प्रिंटर अडला नसता तर ते वाक्य आजही वहीत असतं, आणि नवीन आलेल्या ज्युनियरला मी ते आत्मविश्वासाने सांगितलं असतं.

म्हणून आता नेट गेलं की मी आधी कागद घेते. शेवटचं कधी चाललं? त्यानंतर काय काय बदललं, बंद राहणंसुद्धा? दिवे लागलेत का? पत्ता काय, गेटवे काय, पिंग कुठपर्यंत जातो? चालू मशीनवर हेच आकडे काय आहेत? मी काय बदललं आणि ते परत जागेवर ठेवलं का? एवढं लिहून नेटवर्क विभागाकडे गेलात तर तुमचं काम लवकर होतं, कारण "मॅडम, नेट चालत नाही" यातून त्यांना काहीच कळत नाही. बरेचदा लिहिता लिहिताच उत्तर सापडतं. आणि पत्ता हाताने भरायचाच असेल तर तो विभागाकडून मागून घ्या, स्वतः निवडू नका.

त्या मुलीचा सिनॉप्सिस दुसऱ्या दिवशी जमा झाला. मी तिला जाऊन सांगितलं की तो पत्ता मी घेतला होता. ती हसली आणि म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी आधी विचारा."

तुमचा बॅकअप आहे ना? नसेल तर हा लेख बंद करा आणि आधी तो घ्या.